जुन्या मॅटाडोरची एअर कशी काढावी?

बेणे किंवा भाजीपाला वाहायला ज्यांच्याकडे जुनी डिझेल मॅटाडोर आहे, त्यांच्यासाठी हा पाठ. गाडी सुरू होते, गचके देते आणि वाटेतच बंद पडते. मग सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, अन् तोडलेले बेणे उन्हात सुकते. डोळे सुकले की उगवण घटते. खरा तोटा तो.

पुष्कळदा अशा वेळी इंजिनला काही झालेले नसते. डिझेलच्या नळीत हवा शिरलेली असते. टाकी कोरडी पडली, फिल्टर बदलला किंवा जोड ढिला झाला की एअर धरते. टाकीकडचा जोड डिझेल न गळताही हवा ओढतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आधी टाकीत डिझेल पाहावे, जोड आवळावेत. फिल्टरवरचा स्क्रू एक-दोन आटे सैल करून हातपंप मारावा. फेस येईल. बुडबुडे थांबून सलग धार लागली, की पंप मारता मारताच स्क्रू आवळावा. सेल्फ एका दमात 10 सेकंदांहून जास्त मारू नये.

नोझलच्या नळ्या मात्र मिस्त्रीकडूनच सोडवाव्यात. तिथली बारीक धार कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठावा.

दोन दिवसांत पुन्हा एअर धरली, तर जोडाचे तांब्याचे वायसर बदलावेत. आम्ही तर म्हणतो, चार वायसर आणि एक पाना गाडीतच ठेवावा.