मोहफुलांच्या पाण्याला फेस का येतो?

प्रश्न : सुकवलेली मोहफुलं पाकासाठी भिजत घातली आणि विसरून गेले. तिसऱ्या दिवशी पातेल्यात फेस आणि आंबूस वास! मुलगा म्हणतो, ही घरची फ्रूट बीअर झाली. खरं का? आम्ही तर पाण्याशिवाय काही घातलं नव्हतं.
— एक वाचक, देवरी (जि. गोंदिया)

उत्तर : तुम्ही घातलं नाही, ते फुलांसोबतच आलं. मार्च-एप्रिलात पहाटे झाडाखाली पडलेलं ताजं मोहफूल चिमटीत दाबून पाहा, बोटं चिकट होतात. इतका गोडवा असला की यीस्टचे सूक्ष्म जीव तिथे असणारच. सुकल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. एवढ्या साखरेत यीस्टला पाणी मिळत नाही, म्हणून नीट वाळवलेली फुलं गुळासारखी महिनोन्महिने टिकतात. भिजली की यीस्ट कामाला लागतं. साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. फेस या वायूचा.

पण ही बीअर नव्हे. बीअर धान्याची. जवातला स्टार्च यीस्टला पचत नाही, म्हणून जवाला आधी मोड आणतात. मोडातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. फ्रूट बीअरमध्ये फळ येतं ते त्यानंतर. बेल्जियमची ‘क्रीक’ बीअर अशीच आंबट चेरी घालून होते. मोहफुलात साखर आयतीच असते, तेव्हा तुमच्या पातेल्यातलं पाणी वाइनच्या कुळातलं.

मुलाला मात्र ते बाटलीत भरू देऊ नका. आत आंबणं चालू राहिलं तर वायूच्या दाबाने काच फुटते. शिवाय 1949च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना दारू करणं गुन्हा आहे, भट्टीसाठी आंबवलेला सडवा बाळगणंही. 2021मध्ये सरकारने निर्बंध सैल केले ते फुलं वेचण्या-साठवण्यावरचे, दारू गाळण्यावरचे नव्हेत. तो निर्णय मला मोलाचा वाटतो. कारण मोहफूल आधी अन्न आहे. भट्टीच्या बदनामीत त्याचे लाडू आणि भाकरी उगाच झाकल्या गेल्या.

यंदाचं पाणी झाडाला घाला. पुढच्या वेळी फुलं धुऊन रात्री भिजवा आणि सकाळीच उकळायला ठेवा. उकळीत यीस्ट मरतं. मग गाळून मंद आंचेवर आटवत राहा, पळीवरून मधासारखी धार पडेपर्यंत.