रियाधचा विजय

फुटबॉलचे नियम इंग्लंडात १८६३ मध्ये लिहिले गेले. तरी युरोपातील विजेत्या क्लबांची स्पर्धा १९५५ मध्ये सुरू झाल्यावर तिचा चषक इंग्लंडात यावयास १९६८ साल उजाडावे लागले. मँचेस्टर युनायटेड या क्लबाने तो आणला. खेळाच्या माहेरघरी एवढा काळ लागला. मग आपल्या क्लबांना आशियात पाय रोवण्यास विलंब झाला, यात नवल ते काय?

२००८ मध्ये गोव्याचा धेंपो क्लब आशियातील दुय्यम स्पर्धेत उपान्त्य फेरीपर्यंत पोचला होता. मुख्य स्पर्धेच्या गटफेरीत खेळण्याचा मान मात्र भारतातून प्रथम २०२१ मध्ये एफ. सी. गोवा या संघास मिळाला. सामने मडगावच्या फातोर्डा मैदानावर झाले. साथीमुळे प्रेक्षकांना मज्जाव होता. पहिल्याच सामन्यात गोव्याने कतारच्या अल रय्यान संघाला एकही गोल करू दिला नाही. कबड्डीत बलाढ्य चढाईपटूला रिकाम्या हाताने परत पाठविणे हेही यशच असते, हे जुन्नर-आंबेगावच्या मुलांना सांगावयास नको. फुटबॉलमधील गोलशून्य बरोबरी तशीच समजावी. गोव्याने सहा सामन्यांत तीन बरोबऱ्या साधल्या. विजय मात्र एकही नाही.

पुढल्या वर्षी मुंबई सिटी हा क्लब सौदी अरेबियातील रियाध नगरीस गेला. त्याचे मार्गदर्शक डेस बकिंगहॅम हे इंग्लंडचेच. पहिल्या सामन्यात अल शबाबने मुंबईवर तीन गोल चढविले. ११ एप्रिल २०२२ रोजी समोर उभा ठाकला तो इराकचा एअर फोर्स क्लब. याच क्लबाने २०१६ मध्ये दुय्यम स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बंगळुरूच्या संघास नमविले होते. उत्तरार्धात इराकी संघाने आघाडी घेतली. पुन्हा तेच घडणार, असे वाटू लागले. परंतु डिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि थोड्याच वेळात मैदानाच्या कोपऱ्यावरून आलेला चेंडू मुंबईच्याच राहुल भेके याने डोक्याने थेट जाळ्यात धाडला. भेके हा बचावफळीतील खेळाडू; गोल अडविणे हे त्याचे नित्याचे काम!

त्या स्पर्धेच्या गटफेरीतील भारतीय क्लबाचा हा पहिला विजय. मुंबईने इराकी संघास पुढे आणखी एकदा हरविले व गटात दुसरे स्थान पटकाविले. पहिले स्थान अल शबाबकडे गेले, आणि पुढल्या फेरीचे दार मुंबईला उघडले नाही.