ऊन पडलंय, मग होड्या किनाऱ्यावर का? मुलांसाठी हवेचा आणि हवामानाचा धडा

बंदीचे दिवस आहेत, होड्या वर ओढून झाकून ठेवल्यात. सोसायटीच्या पेजवर एरवी डिझेल, बर्फ आणि सभेच्या सूचना असतात. आजची पोस्ट मात्र आपल्या घरच्या मुलांसाठी. तिसरी-चौथीच्या मुलांना वाचून दाखवा, मोठी मुलं आपली आपण वाचतील.

मुलांनो, तुमच्यातले बरेच जण आम्हाला एक प्रश्न विचारतात. "आज छान ऊन पडलंय, मग बाबा दर्यावर का गेले नाहीत?" उत्तर देऊ, पण त्याआधी चार गोष्टी समजून घेऊ.

१. हवा वेगळी, हवामान वेगळं

आज सकाळी ऊन, दुपारी ढग, संध्याकाळी सर आली, ही झाली हवा. ती तासातासाला बदलते. आई सुकी मासळी वाळत घालण्याआधी आभाळाकडे बघते, तेव्हा ती हवा बघत असते.

एखाद्या गावात वर्षानुवर्षं सरासरीने जशी हवा असते, ते त्या गावाचं हवामान. त्यासाठी साधारण ३० वर्षांच्या नोंदी बघतात. "आज पाऊस आहे" ही हवा. "गोव्यात जून ते सप्टेंबर पाऊस असतो" हे हवामान. बोलताना आपण दोन्हीला हवामानच म्हणतो, पण पेपरात फरक विचारला तर असं लिहा.

२. पाणी सावकाश तापतं

एका ताटलीत कोरडी वाळू आणि दुसरीत पाणी घ्या. दोन्ही तासभर उन्हात ठेवा आणि मग बोट लावून बघा. वाळू चटका देते, पाणी जेमतेम कोमट झालेलं असतं. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. पाणी दोन्ही सावकाश करतं.

म्हणून दुपारी किनाऱ्यावरची तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. हे खारे वारे. रात्री जमीन आधी निवते, मग वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. इंजिन नव्हतं तेव्हा शिडाच्या होड्या पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायच्या आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी यायच्या. आजोबांना विचारा, ते सांगतील.

समुद्र जवळ असल्यामुळे पणजीत थंडीतल्या रात्रीही तापमान साधारण २० अंशांच्या आसपास असतं. आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात त्या ग्वाल्हेरला समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तिथे जानेवारीत काही रात्री पारा ५ अंशांच्या खाली जातो आणि मे महिन्यात कधी ४५ च्या वर चढतो.

३. डोंगर पाऊस पाडतो

एप्रिल-मे मध्ये आपला सगळा देश तापतो. तेव्हा खाऱ्या वाऱ्यासारखाच खेळ फार मोठा होतो. नैर्ऋत्येकडून, म्हणजे दक्षिण आणि पश्चिम यांच्या मधल्या दिशेने, वाफेने भरलेले वारे येतात. हाच मान्सून. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास तो गोव्यात पोचतो.

हे वारे सह्याद्रीला अडतात आणि वर चढतात. वर हवा थंड असते. बर्फाच्या पाण्याच्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून थेंब येतात ना, तसंच तिथे वाफेचं पाणी होतं आणि कोसळतं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. चोर्ला घाट ओलांडून बेळगावला गेलात की पाऊस निम्म्याहून कमी, कारण ढगांचं बरंचसं पाणी घाटावरच पडून गेलेलं असतं.

४. तापलेला समुद्र वादळाला बळ देतो

समुद्राचं पाणी २६-२७ अंशांच्या वर तापलेलं असेल तर चक्रीवादळाला जोर मिळतो. २०२१ मध्ये १६ मे च्या सुमारास तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. झाडं पडली, कितीतरी घरांत वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी रात्री ते गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं.

एका वादळावरून हवामान बदललं असं म्हणता येत नाही. पण पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेतला बहुतेक भाग समुद्र पोटात घेतोय आणि अरबी समुद्र पूर्वीपेक्षा तापलाय, हे अनेक वर्षांच्या नोंदींवरून दिसतं. म्हणून आजोबांच्या वेळचे अंदाज आता एकटे पुरत नाहीत. त्यांच्या जोडीला इशारा वाचायलाच हवा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर

समुद्र फार मोठा आहे. आपल्या डोक्यावर ऊन असताना दोन-तीनशे किलोमीटरवर वादळी वारा सुटलेला असू शकतो. तिथल्या लाटा इथे पोचतात, वाराही फिरतो. सकाळी गेलेली होडी संध्याकाळी त्यात सापडते.

हवामान विभाग जमिनीवरच्या लोकांसाठी रंग सांगतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे लगेच काळजी घ्या. पण मच्छीमारांचा इशारा वेगळा असतो. गावासाठी हिरवा रंग असतानाही "ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वारे, समुद्रात जाऊ नये" असा मेसेज येऊ शकतो. आपल्यासाठी तोच महत्त्वाचा.

बऱ्याच घरांत मोबाईलवरचा मेसेज आधी तुम्हीच वाचता. मग तो मोठ्याने वाचून दाखवा. तारीख, वाऱ्याचा वेग आणि कुठल्या किनाऱ्यासाठी आहे, ही तीन माहिती सांगा. हप्ते थकलेले असतात, खलाशांचा पगार द्यायचा असतो, एक दिवस बुडाला तरी घरात ओढ होते. हे सगळं आम्हालाही माहीत आहे. तरी बाबा घरी असले तर उद्याची मासळी उद्या मिळेल.

घरचा अभ्यास

• सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा. रोज सकाळी आठला आतलं पाणी पट्टीने मोजा आणि ओता. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर १ लिटर पाणी.
• काठीला चिंधी बांधा आणि वारा कुठून येतो ते लिहा. पश्चिमेकडून आला तर तो पश्चिमेचा वारा, जातो त्या दिशेचं नाव द्यायचं नाही.
• शेजारच्या रकान्यात त्या दिवशी मच्छीमारांना इशारा होता की नाही ते लिहा.

बंदी ३१ जुलैला संपते. तोवर लिहिलेली वही घेऊन सोसायटीच्या ऑफिसात या. आम्ही सगळ्यांच्या वह्या बघू आणि कोणत्या दिवशी ऊन असूनही इशारा होता, ते मिळून शोधू.