पोटऱ्या भरलेल्या, तरी जिना चढवत नाही

प्रश्न : माझा पाच वर्षांचा मुलगा सारखा पडतो. जिना कठडा धरून चढतो, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकतो. पोटऱ्या मात्र भरलेल्या आहेत. सासूबाई म्हणतात, अशक्तपणा आहे. काय करू?

उत्तर : ताई, टॉनिकवर वेळ घालवू नका. आधी रक्तातील सीपीके (स्नायूंमधील एक विकर) तपासा आणि मुलाला बालमेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा. ही लक्षणे ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीत दिसतात. स्नायूपेशींचे आवरण सांभाळणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन या मुलांत जवळजवळ तयारच होत नाही. स्नायू झिजतात, त्यांची जागा चरबी आणि तंतू घेतात; पोटऱ्या फुगीर दिसतात त्या बऱ्याच अंशी यामुळेच. सीपीके खूप वाढलेले असेल, तर जनुकीय चाचणीने निदान पक्के होते.

दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो. तो आईकडून येऊ शकतो, पण सुमारे एक तृतीयांश मुलांत नव्यानेच उद्भवतो. दोन्ही परिस्थितींत तुमची काहीही चूक नाही. कोणी बोल लावला तर ऐकून घेऊ नका.

आजार मुळापासून बरा करणारा उपचार अजून नाही. तरीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेळेवर स्टेरॉइड सुरू केल्यास मूल अधिक वर्षे चालू शकते. हृदयाची तपासणी नियमित हवी. दुसऱ्या मुलाचा विचार असेल, तर त्याआधी जनुकीय सल्ला जरूर घ्या.