पांढरीच्या मातीतला पोटाचा हिशेब

प्रश्न: आमच्या गावाबाहेर नदीकाठी पांढरीचं जुनं टेकाड आहे. उन्हाळ्यात शेतकरी तिथली माती खणून गाड्या भरभरून शेतात टाकतात. तांबड्या खापरांवर काळ्या रेघोट्या असलेले तुकडे पोरं गोळा करून आणतात. माझी नात पुण्याला पुरातत्त्व शिकायला जायचं म्हणते. तिचे वडील म्हणतात, शिकायचंच तर अर्थशास्त्र शीक, त्याचा लोकांच्या पोटापाण्याशी निदान संबंध तरी आहे. खापरांवरून माणसं काय खात होती, गरीब होती की खाऊनपिऊन सुखी, हे खरोखर कळतं का? आणि या दोन शास्त्रांचं एकमेकांशी काही नातं आहे का?
— एक निवृत्त शिक्षिका, तालुका श्रीगोंदा

उत्तर: बाई, नातं आहे, आणि ते दाखवायला शेजारच्या शिरूर तालुक्यापलीकडे जायची गरज नाही.

आधी तुमच्या टेकाडाबद्दल. आपल्याकडे पिकते ती काळी आणि माणसं राहतात ती पांढरी. वस्तीची माती पांढुरकी होते ती चुलीतल्या राखेनं, पावसात विरघळलेल्या भिंतींनी, शेणानं, हाडांनी, चुन्यानं. घरं पडत गेली, त्यांच्याच ढिगाऱ्यावर नवी उभी राहिली, असं शेकडो वर्षं चाललं की टेकाड चढतं. शेतकरी ही माती नेतो कारण तिच्यात कस असतो. संशोधकाला ती हवी असते तीही त्याच राखेसाठी आणि त्याच हाडांसाठी.

घोड नदीच्या काठी इनामगावला असंच टेकाड होतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी त्याचा अहवाल १९८८ मध्ये सिद्ध केला. इ. स. पू. १६०० च्या सुमाराला तिथं शेतकरी येऊन राहिले आणि इ. स. पू. ७०० पर्यंत त्यांची वस्ती टिकली. १३० हून अधिक घरं उजेडात आली. आपल्या दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांचं इतकं तपशीलवार चित्र दुसऱ्या कुठल्या एका गावानं दिलं असेल असं मला वाटत नाही. तुमच्याकडची काळ्या रेघांची तांबडी खापरं पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नाही, पण वर्णन जोर्वे पद्धतीच्या भांड्यांशी जुळतं. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं.

ते खात काय होते? धान्य मातीत कुजून जातं, पण चुलीत सांडलेला, करपून कोळसा झालेला दाणा हजारो वर्षं टिकतो. ती माती पाण्यात कालवली की हलका कोळसा वर तरंगतो, तो चाळणीत धरायचा आणि भिंगाखाली पाहायचा. इनामगावात गहू, जव, तांदूळ, कडधान्यं, वाटाणा, तीळ असं धान्य मिळालं. बोरं, आवळे, जांभळं, खजूर हेही होतं. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, हरणं, ससा, कासव, मासे यांची हाडं सापडली, आणि बऱ्याच हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. म्हणजे ती जनावरं खाल्ली गेली होती.

सुबत्ता होती की नाही, हे मात्र दाण्यांवरून कळत नाही. त्यासाठी घरं पाहावी लागतात. मधल्या काळात, म्हणजे साधारण इ. स. पू. १४०० ते १०००, लोक प्रशस्त चौकोनी घरांत राहत होते. नदीचं पाणी वळवायला त्यांनी पाट काढला होता, बांध घातला होता, धान्याचं कोठार बांधलं होतं. इ. स. पू. १००० नंतर चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती आकसली, शिकारीच्या जनावरांची हाडं वाढली, लोक शेळ्यामेंढ्यांवर विसंबू लागले, आणि शेवटी गाव उठलं. ढवळीकरांनी याचं कारण पाऊसमान घटलं असं मांडलं. ७२ चा दुष्काळ पाहिलेल्या तुमच्यासारख्यांना ते चटकन पटेल.

पण प्रश्न तिथं मिटला नाही, आणि मला तर पुढचाच भाग जास्त मोलाचा वाटतो. इनामगावचे लोक गेलेल्या लहान मुलाला दोन मडक्यांत ठेवत, मडकी तोंडाला तोंड लावून आडवी करत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. बाळ घराबाहेर जाऊ नये अशीच त्या आईबापांची इच्छा असावी. या मडक्यांमुळं चिमुकली हाडं शाबूत राहिली. मूल किती महिन्यांचं होतं हे दातांच्या वाढीवरून कळतं, आणि त्या वयाला हाडांची लांबी-जाडी किती हवी होती नि किती भरली हे मोजता येतं. आजारपणात किंवा उपासमारीत वाढ थांबली तर दाताच्या लुकणावर आडवी रेघ उमटते, ती पुढं पुसली जात नाही. अमेरिकी संशोधक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी या मुलांच्या हाडांचा अभ्यास केला आणि २०११ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. शेवटच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली त्यांना दिसली. मात्र तिचं खापर एकट्या पावसावर फोडायला त्या तयार नाहीत. हवामानाच्या नव्या नोंदींशी ते जुळत नाही, लोकांनी शेतीत नि राहणीत जे बदल केले तेही पाहायला हवेत, असं त्यांचं म्हणणं आहे.

आता नातीच्या वडिलांचा अर्थशास्त्राचा आग्रह घ्या. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते, तिच्यात पाच वर्षांखालच्या मुलांची उंची वयाच्या मानानं किती आहे हे मोजतात. उंची कमी भरली की मूल खुरटलं असं नोंदवतात, आणि देशाच्या दारिद्र्याची चर्चा करताना अर्थतज्ज्ञ हाच आकडा पुढं ठेवतात. इनामगावच्या मडक्यातल्या बाळाला लावली ती मोजपट्टी हीच आहे. फरक इतकाच की इथं वय आई सांगते आणि तिथं दात सांगतात.

१९७१ मध्ये पुण्याच्याच गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब कोणाला म्हणायचं? त्यांनी सरळ पोटाचं माप घेतलं: माणशी दिवसाला २,२५० कॅलरी. तेवढं अन्न मिळण्यासाठी १९६०-६१ च्या भावानं खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च धरावा लागतो, असा हिशेब मांडला. खेड्यातल्या ४० टक्के आणि शहरातल्या ५० टक्के लोकांना तेवढंही जमत नव्हतं. या आकड्यांवर पुढं कितीतरी वर्षं वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. तरी प्रश्न तोच होता: पोटाला पुरेसं मिळतं का? एका संस्थेनं तो जिवंत माणसांच्या खर्चाच्या वहीत शोधला, दुसरीनं तीन हजार वर्षांपूर्वीच्या राखेत.

या दोहोंच्या मधली कडी समाजशास्त्राची. इनामगावच्या वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं मोठं घर होतं. त्याला कोठार होतं. त्याच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात एका पुरुषाला मांडी घालून बसवून पुरलं होतं. इतर प्रौढांचे पाय पुरण्याआधी घोट्यापासून तोडलेले आहेत, याचे मात्र शाबूत. कुंभार, सोनार, चुना भाजणारा अशा कारागिरांची घरं वस्तीच्या पश्चिम कडेला होती. रांजणातला पुरुष गावचा प्रमुख होता, असं संशोधक मानतात. मलाही तेच पटतं. पण कोठारातलं धान्य कर म्हणून जमा होत होतं की अडीनडीसाठी सर्वांचं म्हणून साठवलं होतं, हे माती सांगत नाही. कारागीर कडेला का, याचं उत्तर देताना आजची जातव्यवस्था उचलून तिथं नेऊन ठेवण्याचा मोह होतो, तो आवरावा लागतो. कुटुंब म्हणजे काय, नाती कशी जुळतात, वाटणी कशी होते, हे जिवंत समाजात पाहिलेलं माणूस सोबत असलं तर असे प्रश्न निदान नीट विचारता येतात. डेक्कन कॉलेजात तसं माणूस होतं. १९३९ मध्ये संस्था संशोधनासाठी नव्यानं सुरू झाली, तेव्हा सांकलिया तिथं आले आणि इरावती कर्वेही आल्या. गुजरातमध्ये लांघणज इथं अश्मयुगीन माणसांच्या शोधात दोघांनी बरोबर काम केलं. पुढं कर्वेबाईंचा भारतातल्या नातेसंबंधांवरचा ग्रंथ १९५३ मध्ये आला.

प्रवरा नदीची एक गोष्ट सांगायचा मोह होतोय. १९५०-५१ च्या हंगामात सांकलिया आणि शां. भा. देव याच नदीकाठी जोर्व्याची पांढरी उकलत होते. त्याच हंगामात, त्याच नदीच्या खोऱ्यात, लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या सहकारी साखर कारखान्याची चाकं फिरू लागली होती. कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते गोखले संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. एकाच पाण्यावर पहिल्या शेतकऱ्यांची खापरं वर येत होती आणि त्यांच्या वारसांचा ऊस गाळला जात होता. दोन्ही कामांमागं पुण्यातले प्राध्यापक उभे होते.

तेव्हा नातीला तिच्या मनासारखं शिकू द्या. पुरातत्त्वाला कला शाखेची मुलं जातात तशी वनस्पतिशास्त्राची, भूगर्भशास्त्राचीही जातात. ती अर्थशास्त्र आधी शिकली तरी ते वाया जाणार नाही.

तिच्या शिक्षणाआधी एक काम मात्र तुम्हीच करा. १९७४ मध्ये प्रवरेच्याच काठी दायमाबादला झाडाची मुळं खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ अशी चार ब्राँझची शिल्पं मिळाली. साठ किलोंच्या वरचा तो ठेवा आहे. पण तो पद्धतशीर उत्खननात, आपल्या थरात सापडला नाही, म्हणून त्याच्या काळाबद्दल तज्ज्ञ अजून भांडतात. जागेवरून हललेली वस्तू अर्धी मुकी होते. म्हणून पोरांना सांगा, खापर दिसलं तर आहे तिथंच राहू द्या. उचललेली असतील ती कुठं, किती खोल मिळाली हे कागदावर लिहून त्यांच्यासोबत ठेवा. टेकाडाचे फोटो काढून राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला पत्र पाठवा. आणि ग्रामसभेत उभं राहून, त्यांचं उत्तर येईपर्यंत त्या टेकाडाची एकही गाडी माती हलू नये, एवढा ठराव करून घ्या. पावसाळ्याआधी हे झालेलं बरं.