गोळी मोफत, पण ठेवायची कुठे?



एप्रिल २००४ पासून आपल्या देशात एचआयव्हीवरील उपचार सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळू लागले. सुरुवातीच्या आठ रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. आज बहुतेक प्रौढ रुग्णांना दिवसाला एकच गोळी पुरते. त्या एका गोळीत तीन औषधे असतात. रोग मुळासकट जात नाही, पण ताब्यात राहतो. माणूस कामावर जातो, मुलांची लग्ने पाहतो. अट एकच : गोळी चुकता कामा नये. वारंवार खाडा झाला, तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

मग अडते कुठे? एका खोलीच्या घरात. सहा माणसे आणि कुलपाचे कपाट नाही. बाटलीवरचा कागद खरवडून ती तांदळाच्या डब्यात लपवली जाते. गावाहून पाहुणे आले की त्या रात्रीची गोळी राहते. औषधकेंद्रावर जायचे म्हणजे रोजंदारीचा खाडा, वर गाडीभाडे. शिवाय 'आज कुठे?' या प्रश्नाला रोज नवे उत्तर शोधायचे. बाईची तपासणी गरोदरपणात होते, म्हणून पुष्कळदा तिचे आधी कळते आणि दोषही तिच्याच माथी बसतो.

ही लपवाछपवी आपल्या भीतीमुळे होते. म्हणून आपण नीट समजून घेऊ या. एका ताटात जेवल्याने, एकाच टॉवेलने, मिठी मारल्याने एचआयव्ही होत नाही. नियमित उपचाराने रक्तातील विषाणू तपासणीत सापडण्याइतकाही उरला नाही आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. आईने वेळेवर औषध घेतल्यास बाळाला लागण होण्याचा धोका फारच कमी होतो.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शाळा, भाड्याचे घर यांत भेदभाव करण्यास तो मनाई करतो. मात्र कायदा हक्क देतो. घरातल्या फळीवर औषधाला उघड जागा घरच्यांनीच द्यायची असते.

प्रभू येशूने कुष्ठरोग्याला आधी स्पर्श केला, मग तो बरा झाला. आपणही एवढे करू या : शेजारणीच्या केंद्राच्या दिवशी तिची मुले सांभाळू, कुठे जातेस हे विचारणार नाही. आणि कोणी विश्वासाने सांगितलेच, तर ती गोष्ट आपल्यापाशीच ठेवू.