शॉक बसला नाही, तरी आयसी गेली

प्रश्न : माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. हिवाळ्यात बोर्ड नुसता हाताळला तरी कधी कधी आयसी जाते. मला शॉक बसत नाही, पायात रबरी चप्पलही असते. मग चुकतं कुठे?
– एक वाचक, माढा

उत्तर : तुमची चप्पल तारेतल्या विजेपासून वाचवते, पण अंगावर साठलेली स्थिर वीज जमिनीत उतरू देत नाही. आपल्याला तिचा चटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. नाजूक आयसी १०० व्होल्टच्या आतही जाते. कोरडी हवा, पॉलिएस्टरचा शर्ट, प्लास्टिकची खुर्ची, एवढं पुरतं.

घाबरू नका, उपाय स्वस्त आहे. टेबलावर ईएसडी मॅट अंथरा, मनगटी पट्टा कातडीला टेकेल असा बांधा आणि दोन्ही अर्थिंगला जोडा. पट्ट्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर हवाच. त्याऐवजी साधी तार गुंडाळणं जिवावर बेतू शकतं, न्यूट्रलला तर कधीच जोडू नका. अर्थिंग आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं. चालू मेन्सवर काम करताना पट्टा काढून ठेवा. सुटे भाग अँटिस्टॅटिक पिशवीतच राहू द्या.

एवढं करूनही आयसी जात असेल, तर हॉट गनचं तापमान तपासा.